मामांच्या खिशातल्या गोळ्या

माझ्या सासूला बघायला येणाऱ्या माणसांचा मला भयंकर संताप यायचा. बिस्किटाचा पुडा घेऊन यायचं, खाटेशी बसून डोळ्याला पदर लावायचा आणि उठताना एक नवा डॉक्टर सांगून जायचं. कुणाचा नाशिकचा वैद्य, कुणाचा मुंबईचा सर्जन. आमच्या अवसरी गावात आजारी माणसापेक्षा त्याला भेटायला येणाऱ्यांचाच थाट मोठा.

सासूबाई, म्हणजे गोजरबाई, माझ्यापेक्षा हुशार निघाल्या. चैत्रात कांदा निघाला तशी त्यांनी खाट पडवीत काढायला लावली आणि येईल त्या बाईच्या हातात विळा दिला. "रडायचंय न्हवं? मंग कांद्याची पात कापता कापता रड. काम बी व्हईल आन रडणं बी." निम्मी गर्दी दुसऱ्याच दिवशी कमी झाली.

त्यांना गर्भपिशवीचा कॅन्सर होता. पुण्याला ऑपरेशन झालं, लाईट, म्हणजे रेडिएशन, दिली, वर्षभर बरं गेलं आणि आजार परत आला, तो पार कमरेच्या हाडापर्यंत. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना सरळ विचारायला आम्ही सगळे घाबरत होतो. सासूबाईंनीच विचारलं, "खरं सांगा, मी बरी व्हनार का?"

डॉक्टरीणबाई स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "आजार जाणार नाही, मावशी. आता आणखी औषधं चढवली तर अंगाला त्रासच जास्त होईल. दुखणं मात्र थांबवता येईल. ते आपल्या हातात आहे."

"मंग त्ये करा की! बाकीचं ऱ्हाऊ द्या."

मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. जवळच्या मंचरच्या दुकानांत त्या मिळायच्या नाहीत, आमचे मालक, दादाभाऊ, पुण्याहून आणायचे. डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं की, दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघून गोळी द्यायची. दुखणं एकदा चढलं की आवरायला जड जातं. मी तसंच केलं. सासूबाई जेवू लागल्या, झोपू लागल्या, माझ्या कालवणाला नावं ठेवू लागल्या. सासूची बोलणी खाताना इतका आनंद मला लग्नानंतर कधी झाला नव्हता.

मग लोणीचे धर्माजीमामा आले. सासूबाईंचा हा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून बहिणीनंच कडेवर घेऊन वाढवलेला. आवाज मोठा, माया मोठी, पण दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं नाव नाही. दारात सुमो उभी करून थेट खाटेपाशी आले. "आक्का, चल. मुंबईला सगळं सांगून ठिवलंय. मोठं ऑपरेशन करू."

"मी न्हाई येत."

मामांनी मोर्चा माझ्या नवऱ्याकडं वळवला. "दादाभाऊ, आईला अशी घरात टाकलीय? बहिनीला उपचाराबिगर मारली म्हनून लोक माझ्या तोंडात शेण घालत्याल!"

मालकांना आईचं पटलं होतं, पण मामांपुढं बोलायची छाती नव्हती. भावकीतले सावळेराम तात्या नेहमीप्रमाणं जो मोठ्यानं बोलेल त्याच्याकडं बघून मान हलवत होते. तेवढ्यात मामांना कोनाड्यातली गोळ्यांची पट्टी दिसली.

"ह्याच का त्या? अफूच्या? डॉक्टरनी हात टेकलं की अफू देत्यात व्हय! माझ्या बहिनीला नशा लावताय?" आणि पट्टी त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली. "मुंबईचा डॉक्टर सांगंल तवाच आता."

माझं डोकंच फिरलं. मी पुढं झाले, तशा सासूबाई म्हणाल्या, "रत्ना, थांब. ऱ्हाऊ दे त्याच्यापाशी. धर्मा, तू हितं बस. येतोस आन घटकाभरानं जातोस, माझं दुखणं तू कधी बघितलं न्हाईस. आज बघ. उठायचं न्हाई."

मामा बसले. बहिणीचा शब्द एवढा तरी मानायचे. गोळीची वेळ झाली आणि टळून गेली. आधी सासूबाईंचं बोलणं थांबलं. मग कपाळावर घाम आला, गुडघे पोटाशी आले. त्यांनी पदराचा बोळा दातांत धरला आणि भावाचा हात असा आवळला की मामांची बोटं पांढरी पडली. पडवीतल्या बायकांचे विळे थांबले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मामांना मनातल्या मनात नाही नाही ते बोलत होते.

"गाडीवाल्याला जरा सांगून येतो," मामा म्हणाले.

सासूबाईंनी हात सोडला नाही.

"आक्का, वरड तरी!"

त्यांनी पदराचा बोळा काढला. "वरडू कशापायी? तू हायेस की बघाया."

मामांचा दुसरा हात खिशाकडं गेला. एका हातानं पट्टी फाटेना, तशी त्यांनी ती दातांनी फाडली. "रत्ना, पानी आन!"

"तांब्या तुमच्या मागंच हाय," मी म्हणाले आणि जागची हलले नाही.

त्यांनीच पाणी ओतलं, त्यांनीच गोळी बहिणीच्या तोंडात ठेवली. गोळी लागू पडायला वेळ लागतो. तेवढा वेळ मामा तिथंच बसून रडत होते आणि त्यांच्या हातात कुणी विळा दिला नाही.

सासूबाईंचे गुडघे हळूहळू सैल झाले. "धर्मा, मला मरायची घाई न्हाई. पर वरडत जगायची हौस बी न्हाई. जीव माझा हाय. कुठं ऱ्हायाचं त्ये मी ठरवीन."

सुमो रिकामी गेली. त्यानंतर मामा रोज मोटारसायकलवर यायचे आणि गोळीला जरा उशीर झाला की माझ्याशी भांडायचे. मीही भांडायचे. आम्हा दोघांच्या मधली सासूबाईंची खाट मात्र शांत असायची.

श्रावणात एका सकाळी चहा अगोड झाला म्हणून सासूबाईंनी मला धारेवर धरलं आणि दुपारी झोपेतच त्या गेल्या.

आमच्याकडं दशक्रियेला पुढाऱ्यांची भाषणं होतातच. एकानं माईक धरून सुरू केलं, "गोजरबाईंनी आजाराशी झुंज दिली, परंतु दुर्दैवानं उपचारांना यश आलं नाही..."

मामा उठले आणि त्यांनी माईक ओढून घेतला.

"कोन म्हनतो यश आलं न्हाई? त्ये उपचार आदी मीच खिशात घातलं व्हतं, आन मंग ह्याच हातानं दिलं. माझी आक्का आपल्या घरात, आपल्या खाटंवर, सुनंला बोलून, माझ्याशी हासून, न वरडता गेली. यश आनखी कसलं असतं?"

पुढारी माईकसाठी हात पुढं करून तसेच उभे राहिले. दशक्रियेला बायका बोलत नाहीत. मी बायकांतून उठले आणि ओरडले, "देऊ नका मामा माईक! आजून सांगा!"