अमेरिकाकरांची साक्ष

आमच्या किहीमात त्र्यंबकरावांना तोंडावर भाऊसाहेब म्हणायचं आणि पाठीमागं अमेरिकाकर. चौदा वर्षं तिकडं राहिले. शपथ घेऊन तिथलेच झाले, तसा कागद मिळाला, सफरचंदाची बाग केली. मग तिथल्या मोठ्या कोर्टानं ठरवलं, हिंदुस्थानी माणूस गोरा न्हाय, म्हणून तो तिथला नागरिक होऊ शकत न्हाय. कागद काढून घेतला, बाग गेली, अन् भाऊसाहेब सुटाबुटात गावी परत आले. वाईट वाटलं हो मला. जन्मावरून उंबऱ्याबाहेर ठेवणं काय असतं, ते महारवाड्याला नव्यानं कशाला सांगायचं?

माझी नलू आठ वर्षांची. शाळेबाहेर पायरीवर बसून शिकायची. पावसाळ्यात पायरीवर पाणी, म्हणजे चार महिने शाळा बंद. दोन वर्षं पोर पहिलीतच! सरकारचा ठराव होता, कुणाच्याच पोराला बाहेर बसवायचं न्हाय. मी अलिबागेला शाळाखात्यात जाऊन सांगितलं. पण शाळेच्या कमिटीचे मुख्य भाऊसाहेब. त्यांनी खुशाल लिहून कळवलं, 'मुलगी आतच बसते.' झालं, माझ्या शब्दाला कोण विचारतो?

एक दिवस त्यांचं बोलावणं आलं. मी अंगणात उभी राहिले. काढून घेतलेला कागद परत मिळावा म्हणून अमेरिकेच्या सरकारला धाडायचा अर्ज त्यांनी ओट्यावरून वाचून दाखवला. मराठीत लिहिलेला, सोबत इंग्रजी तर्जुमा. कलम पहिलं: माणसाचा हक्क जन्मावरून ठरवणं हा अन्याय आहे, अमेरिकेच्या राज्यघटनेला तो काळिमा आहे. माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, देव पावला, आजच मागून घ्यावं.

"भाऊसाहेब, मग माझ्या नलूला आत बसू द्या की."

"मध्ये बोलू नकोस, सगुणा. कलम दुसरं ऐक."

कलम दुसरं: अर्जदार उच्च आणि शुद्ध कुळातला, गोऱ्यांच्याच तोलाचा. त्याच्या घराला कधी हलक्या जातीचा विटाळ झालेला नाही. तो मुख्य असलेल्या शाळेतही महाराचं पोर उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. खाली त्यांची शपथेवर सही. त्यांचा वकील म्हणाला होता, त्याखाली महाराचाच अंगठा असला तर साक्ष पक्की.

"अन् नलू?" मी पुन्हा विचारलं.

"अगं वेडे, तिला आत घेतलं तर अर्ज खोटा पडेल!"

आता ह्याला काय म्हणायचं? कपाळ माझं! डोकं असं भणाणलं, वाटलं म्हणावं, तुमचा अंगठा तुम्हीच उठवा. पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? अन् लिहिलेलं खोटंही नव्हतं. त्यांनी शाईची डबी वरून टाकली. खाली पसरलेल्या कागदावर मी अंगठा दिला. गड्यानं त्यावर गोमूत्र शिंपडलं, मगच कागद ओट्यावर गेला. अमेरिकेत कुणी वास घेतला असंल तर देव जाणे.

सात-आठ महिन्यांनी उत्तर आलं. पोस्टमननं ते शाळेतच आणून दिलं. तिकडच्या साहेबानं लिहिलं होतं, आपलं दुःख समजतं, पण नियमापुढं आमचा नाइलाज आहे. सोबत अर्जही परत.

"नियम!" भाऊसाहेब शाळेच्या दारात उभे राहून ओरडले. "माणसापेक्षा नियम मोठा?" अन् अर्ज भिरकावला तो थेट पायरीवरच्या नलूच्या मांडीत. मास्तर उचलायला वाकले.

"राहू द्या," भाऊसाहेब म्हणाले. "विटाळलाय आता. तसाही काय कामाचा?"

नलूनं तो घरी आणला. पायरीवर बसून का होईना, पोर वाचायला शिकली होती. अडखळत वाचता वाचता दुसऱ्या कलमाशी थांबली.

"आये, हे तर माझ्याबद्दल हाय. अन् खाली भाऊसाहेबांची सही."

मला आधी रडू आलं, मग एकदम हसू फुटलं. नलूला पोटाशी धरून किती वेळ हसत होते. दुसऱ्या दिवशी चालत अलिबाग गाठलं. शाळाखात्याच्या साहेबानं अर्ज एकदा वाचला, पुन्हा वाचला, मग भाऊसाहेबांचं जुनं पत्र काढून शेजारी ठेवलं.

"बाई, तुझी तक्रार काय?"

"माझी कसली तक्रार, साहेब? मी नुसती साक्षीदार. तो बघा माझा अंगठा."

पंधरा दिवसांत हुकूम आला. नलू आत बसली. कोपऱ्यात बसली, पण आत बसली. भाऊसाहेबांनी कमिटी सोडली. आता ओट्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "ह्या देशात न्याय म्हणून उरला नाही. त्यापेक्षा अमेरिका बरी!"

परवा मी अंगणातूनच म्हटलं, "भाऊसाहेब, पुन्हा अर्ज लिहायचा झाला तर नलूला सांगा. दुसरीत गेली हाय ती."