गवतावरून टिपलेली धाव

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या स्टँडचा एक पाय दोरीने बांधलेला आहे आणि भिंगाचे झाकण तर केव्हाच हरवले. पण स्फॅक्स शहराच्या मैदानावर अकरा वर्षे मी धावणाऱ्यांचे पाय टिपले, ते काही झाकणाच्या जिवावर नाही!

माझे काम ऐकायला सोपे. धावणारा जिथे पूर्ण वेगात येतो, तिथे बाजूला उभे राहायचे आणि टिपायचे. मग फिजिओ लल्ला नझीहा, म्हणजे आमच्या नझीहाबाई, चित्रफीत थांबवून थांबवून पाहायच्या. पाऊल कमरेच्या फार पुढे पडते का? पाठीला बाक येतो का? मागचा पाय मागेच रेंगाळतो का? असे बारा प्रश्न होते. प्रत्येक दोषाला एक गुण, म्हणून गुण कमी तेवढे चांगले. दोष वाढले की मांडीमागचा स्नायू फाटण्याची भीतीही वाढे.

माझी जागा ठरलेली होती. प्रेक्षकांच्या बाकांपाशी, सावलीत. तिथेच प्रशिक्षक सी मुन्सिफ, म्हणजे मुन्सिफसाहेब, कॉफी घेत बसायचे. समोर, धावपट्टीच्या आतल्या बाजूला, हिरवेगार गवत होते. पण ते फुटबॉलवाल्यांचे. त्यावर कुणाचे पाऊल पडले की राखणदार खमीसकाका शिट्टी फुंकत धावत यायचे.

"गवत आहे ते! तुमच्या आजोबांची गादी नाही!"

मग त्या बाजूला जायचे कुणी मनातच आणले नाही.

धावणाऱ्यांत उन्स माझी फार लाडकी. तिच्या डाव्या मांडीचा स्नायू दोनदा फाटला होता. दोन्ही वेळा धावता धावता तिचा हात मांडीकडे गेला, आणि दोन्ही वेळा ते मीच टिपले. तिसऱ्यांदा फाटला तर धावणे विसर, असे डॉक्टरांनी तिला बजावले होते. आता राष्ट्रीय संघाची निवड तीन आठवड्यांवर आली होती. मी तिची धाव टिपली. दोनच गुण!

"बघा, आहे का कुठे खोट?" सी मुन्सिफ म्हणाले. मीही मनातून फुगलो होतो.

लल्ला नझीहांनी मात्र चित्रफीत पुन्हा थांबवली. "सी मुन्सिफ, हिचा दुखावतो डावा पाय. आणि इतकी वर्षं आपण बघतोय कुठला?"

"दोन्ही दिसतात की!"

"डावा उजव्याच्या आड दिसतो. सावली सोडून आपण कधी पलीकडे गेलोय?"

सी मुन्सिफांनी कॉफी खाली ठेवली.

मला गवतावर न्यायचे म्हटल्यावर खमीसकाका आधी ऐकेनात. "फुटबॉलवाले माझी नोकरी खातील, बाई!"

तेव्हा उन्स पुढे झाली. "काका, गवत दहा दिवसांत उगवतं. माझा पाय नाही उगवायचा."

काकांनी चपला काढल्या, मला उचलले आणि स्वतःच गवतावर नेऊन ठेवले.

त्या बाजूने सात गुण आले. डावे पाऊल फार पुढे पडत होते आणि मागे गेले की मागेच रेंगाळत होते. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! अकरा वर्षे मी अर्धेच खरे दाखवत आलो होतो.

"नाव मागे घ्यायचं," सी मुन्सिफ म्हणाले. "चूक माझी आहे, पोरी. सावलीत बसून शिकवलं मी तुला."

"एकच शर्यत, सी मुन्सिफ! एकच!" उन्स रडली. नंतर चार दिवस ती त्यांच्याशी बोललीही नाही.

पाचव्या दिवशी मात्र ती आली. आठ महिने तिने पाऊल टाकणे नव्याने शिकून घेतले. मग वसंतात, गवतावरूनच, मी तिची पूर्ण वेगातली शर्यत टिपली. मी तिच्या पायांकडे नाही, हाताकडे पाहत होतो. रेषा ओलांडेपर्यंत तो मांडीकडे गेला नाही.

आता फोन माझ्यापेक्षा स्वच्छ टिपतात. मी खमीसकाकांच्या खोलीत, फळीवर असतो. धूळ बसते, पण तक्रार नाही. मित्रांनो, विनंती एवढीच, धावणाऱ्याला नुसते शाबास म्हणू नका. दोन पावले चालून त्याची दुसरी बाजूही पाहा.

कालच खिडकीतून खमीसकाकांची शिट्टी ऐकू आली. नवी मुले फोन घेऊन बाकांपाशी उभी होती.

"अरे, सावलीत काय उभे राहिलात?" काका ओरडत होते. "चपला काढा आणि गवतावर या!"