ताऱ्यांचं गाऱ्हाणं

सिद्धीला दम धरवला नाही, हे सगळ्याचं मूळ. पुण्यात संशोधन करताना तिने शेजारची एक दीर्घिका कडेवरून पाहिली होती, ताटाची कड दिसावी तशी. नवे तारे बहुधा त्या ताटातच जन्मतात. पण ताटाच्या बऱ्याच वर, बाहेर उडालेल्या विरळ वायूत, तिला निळे ठिपके दिसले. तिथेही तारे जन्मतायत आणि ते आपण शोधले, असं तिने लगेच फोनवर वडिलांना सांगून टाकलं. पुढे तपासणीत कळलं, ते तारे नव्हतेच. फार मागे असलेल्या दुसऱ्या दीर्घिका होत्या. मार्गदर्शकांना तिने त्याच दिवशी सांगितलं. वडिलांना मात्र आज सांगू, उद्या सांगू.

तोवर तिच्या वडिलांनी, सगुणने, लाटंबार्शे या आपल्या गावात घरोघरी बातमी पोचवली आणि मुलीच्या नावाने देवळात गाऱ्हाणंही ठरवलं: नारळ ठेवून देवाला सगळं मोठ्याने सांगायचं आणि जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हणत दुजोरा द्यायचा. सिद्धी गावी आली ती थेट देवासमोरच उभी राहिली. अख्खी वाडी जमलेली, वडिलांच्या अंगात नवा सदरा.

गाऱ्हाणं घालणारे गोकुळदास देवापुढे चुकीचा शब्द जाऊ देत नसत. त्यांनी विचारलं, "बाय, देवाक नेमका काय सांगू?"

सिद्धीने वडिलांकडे पाहिलं. उत्तर सगुणनेच दिलं, छाती फुगवून. गोकुळदासांनी ते देवाला ऐकवलं आणि सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय महाराजा." सिद्धीही म्हणाली. म्हणताना तिला स्वतःची किळस आली.

प्रसादाची नारळाची वाटी हातात पडली तेव्हा मात्र तिला राहवेना. वडिलांना खांबाआड नेऊन तिने सगळं सांगितलं. सगुणचा चेहरा उतरला. त्याने दुसरा नारळ उचलला आणि गोकुळदासांपुढे ठेवला.

"माझ्या चेडवाचो दोष नाय," तो म्हणाला. "मीच अर्धवट ऐकून गावभर बोललंय. देवाक सांगा, माका माफ कर."

गोकुळदासांनी तसंच देवाला सांगितलं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, पण म्हणाले, "व्हय महाराजा."

सिद्धीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कधी खोटं न बोललेला बाप तिच्यापायी देवासमोर खोटं बोलत होता.

"नाय महाराजा," ती म्हणाली.

गाऱ्हाण्याला कुणी नाही म्हटल्याचं त्या गावात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. गोकुळदास तिच्याकडे वळले.

"मग तूच सांग."

तिने सगळ्यांदेखत सांगितलं, त्या फोनपासून. ती थांबली. मग "व्हय महाराजा" म्हणत पहिला आवाज उठला तो सगुणचा.