पोटातला नगारा

लेण्याच्या दारातल्या खांबावर, तुळईखाली दोन्ही हात वर करून वाकलेला जो ढेरपोट्या दगडी बुटका आहे, तो मी. मित्रांनो, वयाने मी तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही 'बाळा' म्हणू शकतो.

लेणे वरून खाली कोरत आणतात. त्यामुळे माझे हात आधी जन्मले, मग डोके, मग पोट आणि पाय सगळ्यात शेवटी. म्हणजे मी आधी कामाला लागलो आणि उभा नंतर राहिलो. पोटावर शेवटचा हात फिरवून पाथरवट मुकादमाला म्हणाला, "याचं पोट घडवता घडवता मलाच भूक लागली." इतके कौतुक पुन्हा झाले नाही.

भिक्खू आले, राहिले, गेले. मग वटवाघळे आली. त्यांच्याविषयी मी काही बोलणार नाही. मग गाइड आला.

त्याच्याकडे पितळी मुठीची काठी होती. येणाऱ्या प्रत्येक घोळक्यापुढे तो ती माझ्या पोटावर हाणी. सुरुवातीला दगडासारखा आवाज येई. रोजच्या माराने आत चीर पडली, पोपडा सुटू लागला आणि आवाज पोकळ झाला. गाइड खूश झाला. "ऐका मंडळी, प्राचीन कारागिरांनी याच्या पोटात नगारा ठेवलाय."

चीर वाढत गेली, तसतशी प्राचीन कारागिरांची कीर्तीही वाढत गेली.

तिकीट खिडकीतून त्याची बायको म्हणे, "अहो, घरी डबे बडवता तेवढं पुरे नाही का? दगडाला तरी सोडा."

"तुला कलेतलं काय कळतं?"

"कलेतलं नाही कळत. त्याचं पोट दुखत असेल, एवढं कळतं."

आतल्या बुद्धांचा चेहरा मला सदैव सांगे, क्षमा कर. पण त्यांना बसायला मिळाले होते. मी सूड घ्यायचे ठरवले.

दगडाला धावून जाता येत नाही, चावताही येत नाही. माझ्याकडे एकच शस्त्र होते, सुटत आलेले पोट. ते एकदाच वापरता येणार होते, आणि वापरले की पाथरवटाची ती कारागिरी कायमची जाणार होती. मी दातओठ खाऊन पोपडा धरून ठेवला. गाइड काठीभर लांबच उभा राही.

एकदा कोणी तरी पाहुण्या बाई म्हणाल्या, "काका, थोडे जवळ या ना. फोटोत दोन्ही पोटं येऊ देत."

काका जवळ आले. पायांत चपला होत्या. त्यांनी काठी हाणली. मी पोट सोडले.

ते थेट अंगठ्यावर पडले. बायको धावत आली. तिने आधी माझ्या पोटाच्या खड्ड्यात वाकून पाहिले आणि मग नवऱ्याला सांगितले, "अहो, आत नगारा नाहीये."

अंगठा महिन्याभरात बरा झाला. माझे पोट होणार नाही. आता लोक माझ्यासमोर थांबत नाहीत. तरीही तो लंगडत गेला, ते आठवले की मला अजून बरे वाटते.

म्हणून मित्रांनो, लेणी लांबून बघा. हात, काठी, खिळा, काहीही लावू नका. हे मी तुमच्याच भल्यासाठी सांगतो आहे. माझ्या डाव्या खांद्यालाही बारीक चीर गेली आहे, आणि तिच्या बरोबर खाली उभे राहायला जागा चांगली ऐसपैस आहे.