आगटी संध्याकडं

आमच्या दहावीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव आहे 'एका ताटातले'. नाव बबलूनं ठेवलं. हा बबलू आता संभाजीनगरला एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्याला दिवसभर काय काम असतं ते मला अजून कळलेलं नाही, कारण सकाळच्या चहापासून तो ग्रुपवरच असतो. ग्रुप सुरू झाला त्या दिवशी त्यानं लिहिलं, 'आपण सगळे एका ताटात जेवलेलो. हे नाव कुणी बदलायचं न्हाई.' सगळ्यांनी अंगठे दाखवले. मीही दाखवला. अंगठा दाखवायला काय जातं!

ग्रुपवर विषय एकच, खाणं. सगळ्यांनी चाळिशी ओलांडली आहे, निम्म्यांना शुगर, निम्म्यांना पित्त. त्यामुळं जे खाता येत नाही त्याच्या गप्पा मारायच्या. बबलू विचारतो, 'शाळेसमोरच्या म्हातारीकडचं कवठ आठवतं का?' वंदना बदनापूरला शिक्षिका आहे, ती शाळेच्या मधल्या सुट्टीत लिहिते, 'माझ्या डब्यातलं लोणचं कोण चोरत होतं, आज कबूल करा.' त्यावर सोमेश्वर, 'तुझं लोणचं खाऊन माझा घसा बसला तो अजून बसलेलाच हाय. नुकसानभरपाई दे.' मग हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या तोंडांची रांग लागते. मीही हसते. जालन्याच्या एका मोठ्या दवाखान्यात मी नर्स आहे. ड्युटीवर जरा बसायला मिळालं की फोन उघडते आणि एकटीच हसते. माणसं गमतीची आहेत, प्रेमळही आहेत. वाईट असती तर फार सोपं झालं असतं.

डिसेंबरात सोमेश्वरचा मेसेज आला. याची बियाण्यांची एजन्सी आहे, पण गावाकडची शेती त्यानं सोडलेली नाही. 'यंदा हुरडा आपल्या शेतात. बायकापोरं न्हाई, फक्त आपण. जल्दी जल्दी नावं सांगा. आई पण सगळ्यांची वाट पाहून राह्यली.'

बबलूनं लगेच लिहिलं, 'आगटी संध्याकडं!' संध्या म्हणजे मी, आणि हुरडा भाजायचा आर पेटवायचं काम माझं.

'आगटी संध्याकडंच!' अजून चार जण.

वंदना म्हणाली, 'संध्या, तुझ्या आईसारखी आगटी कुणालाच जमली न्हाई गं. तसा हुरडा पुन्हा तोंडाला लागला न्हाई.'

मला बरं वाटलं. आईला जाऊन बरीच वर्षं झाली, तिचं नाव हल्ली कोण काढतं? मी काहीतरी गोड लिहायला घेतलं होतं, तेवढ्यात बबलूचा पुढचा मेसेज पडला.

'सोम्या, तुझ्या बैलांनी एकदा परातभर हुरडा खाल्ल्ता, आठवतं का? आपण बसलो बोंबलत!'

'बिलकुल आठवतं,' सोमेश्वरनं लिहिलं. 'बैल सुटल्ते. काय हसलो होतो त्या दिवशी.'

पुन्हा पिवळ्या तोंडांची रांग. माझं लिहिलेलं मी पुसून टाकलं.

बैल सुटले नव्हते.

माझी आई गिरिजाबाई सोमेश्वरच्या घरी शेतात कामाला होती. गाव हसनाबादच्या पुढं, आमची बौद्धांची घरं ओढ्याच्या या अंगाला. आमचे हात कुठवर चालायचे याची एक रेघ होती, आणि ती भलती बारीक होती. पेरायला चालायचे, निंदायला चालायचे, कापणीला तर चालायचेच. हुरड्याच्या दिवसांत आगटीचा खड्डा खणायला, गोवऱ्या रचायला आणि कोवळी कणसं आरात खुपसायलाही चालायचे, कारण दाणा सालात असतो आणि वर विस्तव असतो. कणीस भाजलं, काठीनं बाहेर ओढलं, की आईचं काम संपलं. चोळायचं सोमेश्वरच्या आईनं, द्वारकाबाईंनी, आणि पोरांनी. चोळला की दाणा उघडा पडतो ना. उघड्या दाण्याला आमचा हात चालत नव्हता. आमच्यासाठी चार कणसं आगटीच्या कडेला ठेवलेली असायची. द्वारकाबाई म्हणायच्या, "गिरिजे, तुमी तुमचं चोळून घ्या." आवाज अगदी मायेचा.

पाचवीत असताना एकदा मला कुठून शहाणपण सुचलं कुणास ठाऊक. सगळी पोरं ऊस मोडायला गेली होती. मी बसले आणि सपासप कणसं चोळली. हाताला चटके बसत होते, पण फुंकर मारून कोंडा उडवला आणि हिरवागार हुरडा परातीत भरला. म्हटलं, सगळे येतील आणि म्हणतील, अरे वा. सगळे आलेही. द्वारकाबाईंनी विचारलं, "कुणी चोळला?" मी म्हटलं, "मी." त्या रागावल्या नाहीत. परात उचलली, गोठ्याकडं गेल्या आणि बैलांपुढं पालथी केली. "पोर हाय," म्हणाल्या आईला. आईनं मान खाली घातली आणि आगटीत गोवरी सारली. बबलू, सोमेश्वर, वंदना, तिघंही तिथं उभे होते. त्यांना बैल आठवतात. हुरडा वाया गेला हेही आठवतं. नेमकं तेवढंच कसं गळलं, हे मला तोवर कळत नव्हतं.

मी ग्रुपवर लिहिलं, 'येते. पण यंदा मी चोळणार.'

'चोळ की!' बबलू म्हणाला. 'आमचे हात वाचले.'

माझं जाणं ते एवढ्यासाठीच होतं. मला कुणाची माफी नको होती, भाषण तर नकोच होतं. मी चोळलेला मूठभर हुरडा या माणसांनी माझ्यासमोर तोंडात टाकावा, हसत, गप्पा मारत, सहज. बस. मग ग्रुपचं नाव खरं झालं असतं आणि मीही गुपचूप सगळं विसरून गेले असते. खरंच विसरले असते.

आणि आशेला थोडी जागाही होती. आदल्या वर्षी द्वारकाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा सोमेश्वरनं त्यांना आमच्याच दवाखान्यात आणलं होतं. तोंडात घास घेत नव्हत्या, सुनेचंही ऐकत नव्हत्या. मी चमच्यानं वरणभात भरवायला गेले तर म्हणाल्या, "चमचा नगं. हातानं दे." दिला. चांगला आठवडाभर दिला. त्यांचं अंगही मीच पुसलं. सोमेश्वर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला होता, "संध्या, तू बहीण हायेस माझी." मला ते खरं वाटलं होतं. अजूनही वाटतं, तो तेव्हा खोटं बोलत नव्हता.

रविवारी सगळे जमले. गाड्या बांधावर, सेल्फी, आरडाओरडा. बबलूचं पोट इतकं सुटलंय की वंदना त्याला म्हणाली, "तुझ्याकडं बघून कवठ आठवतं रे." मी पदर खोचला आणि खड्डा खणला. आईनं शिकवलेलं हातात असतंच. आधी बारीक काटक्या, मग गोवऱ्या, धूर सरेपर्यंत थांबायचं आणि आर लाल झाला की मगच कणसं. सगळे भोवती उभे राहून वाहवा करत होते. मी कणसं बाहेर ओढली, परात मांडीवर घेतली आणि चोळायला बसले.

गप्पा थांबल्या नाहीत, पण जरा पातळ झाल्या.

सोमेश्वर माझ्याशेजारी उकिडवा बसला. "अगं, तू कशाला? तू आगटी बघ. तुझ्यासारखं भाजणं कुणाला जमतं?"

"भाजून झालं. आता चोळते."

त्यानं आवाज खाली केला. "तसं न्हाई गं. आई बसलीय ना तिकडं. आपलं काय, आपण असलं काही मानत न्हाई, तुला म्हाईत हाय. पण जुनं माणूस. तिच्या मनाला लागंल. उगं कशाला?"

मी वर पाहिलं. वंदना मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होती. बबलूला अचानक वांग्याच्या भरताची काळजी लागली होती. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. काही गळलेलं नव्हतं, सगळं जागच्या जागी होतं.

"बराबर हाय," मी म्हटलं. "मंग काकूंनाच विचारते."

"अगं, संध्या..."

मी परात उचलली. द्वारकाबाई लिंबाखाली बाजेवर बसल्या होत्या. नजर अधू झाली आहे, पण कान शाबूत.

"काकू, हुरडा."

"कुणी चोळला?" त्याच आवाजात. तीच विचारणा.

"मी. गिरिजाची संध्या."

म्हातारीनं तोंड जरा हलवलं, दात नाहीत तरी काही चघळत असल्यासारखं. मग लुगड्याला हात पुसून तळवा पुढं केला. मी मूठभर ठेवला. तिनं तोंडात टाकला आणि बराच वेळ घोळवला.

"बराबर भाजलाय," म्हणाली. "चटणी दे थोडी." मी दिली. दुसरी मूठ खाल्ली. मग म्हणाली, "तुझी माय असाच भाजायची. तिचा चोळलेला म्या कधी खाल्ला न्हाई. न्हाई खाल्ला." एवढं बोलून तिनं पुन्हा तळवा पुढं केला.

माझे डोळे भरून आले. म्हटलं, आई, बघ. मग मी परात घेऊन आगटीपाशी आले आणि मधोमध ठेवली.

"घ्या," मी म्हटलं. "काकूंनी खाल्ला."

आता काही अडचण नव्हती. जिच्या मनाला लागणार होतं ती तिकडं चटणीची बोटं चाटत होती.

"घेतो ना, घेतो," सोमेश्वर म्हणाला. "हात धुऊन आलो." आणि मोटारीकडं गेला.

"माझं पोट तट्ट भरलंय गं," वंदना म्हणाली. "सकाळी पोहे खाऊन निघाल्ते."

बबलू म्हणाला, "मला शुगर हाय, तुला तर म्हाईत हाय." त्याच्या हातात गुळाचा खडा होता. तो त्यानं तोंडात टाकला.

बाकीचेही तसेच. कुणी ऊस सोलायला घेतला, कुणी फोन आला म्हणून बांधावर गेलं. कुणी वाकडं बोललं नाही, कुणी तोंड वाकडं केलं नाही. थोड्या वेळानं पाहिलं, तर तट्ट भरलेली वंदना आगटीतलं कणीस काढून स्वतःच चोळत होती आणि बबलूच्या हातावर देत होती. सोमेश्वर हात धुऊन आला तो पलीकडच्या बाजूला बसला आणि त्यानंही तिच्याच हातातला घेतला. परात मधोमध होती. तिच्यावरून हात जात होते, येत होते.

मला रडू आलं नाही. संताप आला. वाटलं, परात उचलावी आणि आरात उलटी करावी. म्हातारीनं निदान उघडपणे बैलांपुढं ओतला होता, का ओतला ते सांगायची तिला गरज नव्हती आणि लाजही नव्हती. यांना लाज होती. म्हणून म्हातारीचं नाव पुढं केलं, शुगर पुढं केली, पोहे पुढं केले. सोमेश्वरकडं आता बैलही नाहीत, ट्रॅक्टर आहे. मी भरल्या परातीचा एक फोटो काढला आणि हुरडा पिशवीत भरला. जाताना द्वारकाबाईंच्या पाया पडायला गेले, तर त्या बाजेवर झोपी गेल्या होत्या. हातावर कोंडा तसाच होता.

जालन्याच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. फोन वाजतच होता. सोमेश्वरनं आगटीभोवतीचा सगळ्यांचा फोटो टाकला होता, खाली लिहिलं होतं, 'एका ताटातले!' वंदना म्हणाली, 'काय गोड हुरडा होता!' बबलू म्हणाला, 'आगटी संध्याकडं, दरवर्षी! ठराव पास!' अंगठ्यांची रांग.

मी परातीचा फोटो टाकला. वर काही लिहिलं नाही.

बबलू लगेच आला. 'आयला, एवढा उरला? सोम्या, तुझे बैल कुठं गेले रे?' आणि हसून डोळ्यांत पाणी आलेलं तोंड.

मी लिहिलं, 'तेव्हा बैल सुटले नव्हते. तुमच्यासमोर परात त्यांच्यापुढं पालथी केल्ती, कारण त्यातला हुरडा मी चोळला होता. हा पण मीच चोळला. काकूंनी खाल्ला. तुम्ही न्हाई.'

निळ्या खुणा झाल्या. सगळ्यांनी वाचलं होतं. वंदनाच्या नावापुढं 'टाइप करत आहे' असं आलं आणि गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. मी फोन हातात धरून बसले. पिशवी मांडीवर होती, अजून कोमट होती. राजूर मागं पडलं.

मग फोन वाजला. सोमेश्वर होता. त्यानं विचारलं होतं, 'मित्रांनो, भोकरदनच्या बाजारातली गरम जिलेबी कुणाकुणाला आठवती?'

सगळ्यांना आठवत होती.