चाक फिरतंय तोवर

शिलाईच्या पायमशीनचं चाक फिरतंय तोवरच बोलायचं. बाहेरच्या खोलीत गवंडी नवरा बसलेला, त्याचं सगळं लक्ष त्या खडखडाटावर. महिला मदत केंद्राचं पत्रक त्यानं बायकोच्या तोंडात कोंबलं होतं, फोन भिंतीवर फोडला होता. म्हणून केंद्रातली ताई मशीनदुरुस्ती शिकली आणि तेलाची कुपी घेऊन या घरात शिरली.

शिवणाऱ्या बायकोच्या डावीकडे, सुईपाशी बसायची. तेल सोडता सोडता पुटपुटायची, "शुक्रवारी मागच्या दारानं ये गं. कोपऱ्यावर आमची गाडी असते."

शिवणारी मान हलवायची. शुक्रवारी गाडी वाट बघून बघून निघून जायची. पुढच्या खेपेला कधी ओठ फाटलेला, कधी मनगट सुजून टम्म. "आता जिन्यावरून ढकलीन म्हणतोय," ती म्हणाली, तेव्हा ताईनं पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा मान हलली. हो म्हणते नि येत नाही! ताई मनातून चिडायची.

आजही शुक्रवारच. दोरा तुटला, चाक थांबलं.

नवरा आत आला. "हाका मारतोय, बहिरे!" केसांना धरून त्यानं तिचं कपाळ फळीवर आपटलं. पुन्हा आपटलं. पांढऱ्या झबल्यावर लाल टिपूस, टिपसावर टिपूस. मग ताईकडे बघून हसला, "डावा कान मीच फोडलाय हिचा. त्या बाजूला ढोल बडवा बाई, हिला पत्ता नाही!"

 ताईचं इतक्या दिवसांचं बोलणं त्या मेलेल्या कानात गेलं होतं. मान हलायची ती नुसती भीतीनं.

"पट्टा बघते हं," म्हणत ती उजवीकडे सरकली, चाक फिरवत वाकली. "पोरी, तुला न्यायला आलेय. गाडी आत्ता कोपऱ्यावर आहे."

"काय शिकवतेस गं तिला?" नवऱ्याचा ठोसा ताईच्या जबड्यावर बसला. ती भुईवर कोसळली, तुटलेला दात जिभेवर आला. लाथ घालायला त्यानं पाय उचलला आणि तोल सावरायला हात टेकला, नेमका सुईखाली.

शिवणारीनं पॅडल दाबलं.

सुई नखातून हाडात उतरली. तो गुरासारखा ओरडला. जितकं ओढावं तितकं बोट फाटत गेलं.

दोघी मागच्या दारानं निसटल्या. जिन्यावर, कपाळाचं रक्त पदरानं टिपत शिवणारी म्हणाली, "ताई, आधी का नाही हो बोललात?"

ताईचं तोंड रक्तानं भरलेलं.  एक पायरी मागे राहून ती शिवणारीच्या उजव्या बाजूला आली.