पाटी एकच

आर्विड निएमी निवृत्त होताना सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ सोडून गेला. ‘थ्रेड एकच ठेवा. का ते मला विचारा.’ आता असं कुणी लिहितं का? कारण लिहायला काय हात मोडले होते? पण आर्विड तसलाच. काही विचारायला गेलं की तासभर कीर्तन ऐकावं लागायचं, म्हणून मी कधी विचारलं नाही.

अमेरिकेतल्या डलूथ शहरातल्या आमच्या सात दवाखान्यांची वेबसाइट मी सांभाळतो. लोक तिथे आपापले रिपोर्ट बघतात. आतला कारभार बँकेसारखा. चार वर्कर म्हणजे चार खिडक्या, आणि थ्रेड म्हणजे खिडकीत बसलेल्याचे हात. हात एकच असला की एका वेळी एकाचंच काम होतं, बाकीचे रांगेत.

जानेवारीतल्या त्या बुधवारी सकाळी रांग फारच लांबली. फोन घेणारी लव्हॉन तणतणत माझ्या टेबलापाशी आली.

“ऑरिन, झोपलायस का रे? पान उघडायला दोन-दोन मिनिटं! लोक माझ्या कानात ओरडतायत.”

“बघतोय.”

“बघत बसू नकोस, काहीतरी कर.”

खिडक्या वाढवायच्या तर मशिनची मेमरी अपुरी. हात वाढवणं फुकट होतं. मी एक खोडून पाच लिहिलं आणि सर्व्हर परत सुरू केला. साइट पळायला लागली. लव्हॉननं लिंबाच्या वडीचा एक तुकडा माझ्या टेबलावर आणून ठेवला.

“हुशार आहेस रे. मग तोंड का असं?”

तोंडाला काही झालं नव्हतं. माझी बायको मार्लिस, तिच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला जाऊन दहा दिवस झाले होते, आणि पाचव्या दिवसानंतर मला काही वाटेनासंच झालं होतं. जेवण जात होतं, झोप लागत होती, रोज सकाळी दारातला बर्फ उपसत होतो. तिचा रिपोर्ट आला की नाही, हे मला माझ्या खुर्चीतून बघता आलं असतं. पण दुसऱ्याची फाइल उघडली की नोकरी जाते, बायकोची असली तरी. खरं सांगायचं तर नोकरीचं निमित्त होतं. मला बघायचंच नव्हतं.

सव्वाअकराला मार्लिसचा फोन आला.

“ऑरिन, काही नाहीये रे! साधी गाठ आहे! काही करायची गरज नाही, असं लिहिलंय!” ती रडत होती, हसत होती. “बोल की काहीतरी, ठोंब्या!”

“बरं झालं,” मी म्हणालो. आनंद व्हायची वाट बघितली. झाला नाही.

“जॉइसताईला सांगितलंसुद्धा. ती केक घेऊन निघतेय.” जॉइसताई म्हणजे तिची मोठी बहीण.

फोन ठेवला तोच लव्हॉन परत हजर.

“अरे, क्लोके गावच्या एका आजोबांना रक्तातल्या साखरेच्या जागी गरोदर असल्याचा रिपोर्ट दिसतोय! वर नाव त्यांचंच. म्हणतात, अभिनंदन करा माझं.”

ती हसत होती. मी आर्विडला फोन लावला. तो गोठलेल्या तळ्यावर, भोक पाडून मासे धरत बसला होता.

“किती केलेस?” त्यानं पहिलंच विचारलं.

“पाच.”

“गाढवा! खिडकीत पाटी एकच आहे ना! समोर कोण आलंय त्याचं नाव आपला जुना प्रोग्राम त्या पाटीवर लिहितो आणि ते वाचून रिपोर्ट काढतो. पाच हात एकाच पाटीवर लिहायला लागले की एकाचं नाव पुसून दुसऱ्याचं पडणार. विचार म्हणून लिहिलं होतं ना मी?”

“कारण लिहायचं होतंस, आर्विड.”

“मग मला फोन कुणी केला असता?”

मी पाचाचं परत एक केलं. सकाळपासून ज्यांनी ज्यांनी रिपोर्ट बघितले त्यांची यादी काढली. एकशे बारा नावं. मार्लिसचं पंधरावं. तेवढं खोडून यादी लव्हॉनकडे दिली, म्हटलं, सगळ्यांना फोन कर, तो रिपोर्ट खरा धरू नका म्हणून सांग. मग घरी फोन लावला.

“मार्लिस, रिपोर्ट समोर आहे अजून?”

“आहे की. चौथ्यांदा वाचतेय.”

“बाजू कुठली लिहिलीय?”

“बाजू ना? थांब. उजवी…” ती तिथेच थांबली. तुकडा काढला तिथली तिची पट्टी डावीकडे होती.

मी सगळं सांगितलं. सकाळी एक आकडा बदलला, मीच बदलला, हे दोनदा सांगितलं.

“मग हा कुणाचा?” तिनं विचारलं.

“माहीत नाही. दुसऱ्या कुणाचा तरी.”

“सुटली बिचारी,” मार्लिस म्हणाली.

“पान बंद करून परत उघड.”

आता हात परत एकच होता, रांग परत लांबली होती. फोनमधून आमचा फ्रिज घुरघुरताना ऐकू येत होता.

“फिरतंय अजून,” ती म्हणाली. फिरतच राहू दे, असं मला वाटलं. पाच दिवसांत पहिल्यांदा मला भीती वाटली.

“उघडलं. डावी.” मग शाळेत धडा वाचावा तसं तिनं वाचलं. “आजच डॉक्टरांना फोन करा.”

“मार्लिस.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, दोनदा, तीनदा, लग्नाच्या वरातीत वाजवतात तसा.

“जॉइसताई आली,” ती म्हणाली. “केक घेऊन. काय सांगू रे तिला?”

“दार उघड. मी येतो आणि मीच सांगतो.”

कोट घालत होतो तेवढ्यात लव्हॉननं तिकडून हाक मारली. “ऑरिन, परत हळू झालंय रे! लोक किती वेळ थांबणार?”

“थांबू दे,” मी म्हणालो आणि निघालो.